बगळ्याचा फॉर्म भरताना

नाही, पण मला एक सांगा, माणूस म्हणजे काय वांगं आहे का, ही बाजू ताजी, ही बाजू किडकी, असं उलटंपालटं करून सांगायला? पण नाही! फॉर्म म्हणजे फॉर्म! एक पान, मधोमध उभी रेघ, डावीकडे 'जमेच्या बाजू', उजवीकडे 'उणिवा', खाली निरीक्षकाची सही. निरीक्षक म्हणजे मी. पोरं घाम गाळतात आणि मी खुर्चीत बसून त्यांच्या चुका लिहितो, बारा वर्षं झाली, सुखाचं काम! तीनशे पोरांचे फॉर्म भरले असतील मी, तुम्हाला सांगतो, जांभई देता देता भरायचो. उंच आहे, डावीकडे. आळशी आहे, उजवीकडे. झालं, चहा मागवा! आणि ह्या एका पोराच्या फॉर्मपुढे नऊ दिवस पेन उघडून बसलो... नऊ दिवस! पेन वाळलं, मी वाळलो, बायको म्हणाली, "अहो, फॉर्म भरताय की मृत्युपत्र?"

तर झालं काय, आमच्या क्लबच्या बास्केटबॉल टीमला नवा फॉरवर्ड हवा होता. फॉरवर्डचं काम काय, तर बास्केटपाशी घुसायचं, चेंडू टाकायचा, आणि दुसऱ्या कुणाचा नेम चुकून चेंडू रिंगवर आपटून उडाला की दहा हातांमधून तो ओढून घ्यायचा. त्याला रिबाउंड म्हणतात. आमच्या कोचचा त्या रिबाउंडवर भारी जीव. आणि कोच बोलतो कसा माहितीये? तोंडातली शिट्टी न काढता! "दादा, फुर्र, नवा पोरगा आलाय, एकोणीस वर्षांचा, फुर्र, कुठल्याच टीममध्ये खेळलेला नाही, तीन आठवडे बघा, मग फॉर्म भरा, फुर्र!" दर वाक्याला फाउल!

आला पोरगा. ही उंची, काडीसारखे पाय, पांढरा टी-शर्ट, आणि मान जरा तिरकी करून नुसता उभा. पहिल्याच दिवशी पोरांनी नाव ठेवलं, बगळा. आणि मी म्हटलं, नाव बरोबर आहे, पण बगळा निदान माशाकडे बघतो, हा कुठे बघतोय? चेंडूकडे ह्याची पाठ! मी लगेच उजव्या रकान्यात लिहायला पेन टेकवलं, 'लक्ष नसतं', आणि तेवढ्यात कोणीतरी चेंडू टाकला, रिंगवर आपटला, उडाला, सगळी गर्दी डावीकडे झेपावली, चेंडू गेला उजवीकडे... आणि तिथे बगळा. उभा. चेंडू त्याच्या हातात येऊन पडला, म्हणजे कसा, तर झाडाचं पान पडावं तसा.

म्हटलं, नशीब. दुसरा चेंडू, बगळा. तिसरा, बगळा. त्या दुपारी चौदा चेंडू रिंगवरून उडाले, चौदाच्या चौदा ह्याच्याकडे! आणि उड्या मारून नाही हो! उड्या मारून घेतले असते तर मी कौतुकाने टाळ्या वाजवल्या असत्या. हा आधीच जाऊन उभा! मी खुर्ची पुढे ओढून नीट बघायला लागलो, आणि बघतो तर काय, चेंडू अजून टाकणाऱ्याच्या हातात होता... हातात! सुटलाही नव्हता! आणि हा चालायला लागलेला. शांतपणे. ज्या जागी चेंडू पडणार, त्या जागेकडे. आणि सगळ्यांचे बूट करकर करतात लाकडावर, ह्याचे नाही. इतका हलका चालायचा की पोरं दचकायची, "कधी आलास रे?"

आता हे कुठल्या रकान्यात लिहू, सांगा?

बरं, चेंडूपुरतं असतं तर ठीक होतं. चौथ्या दिवशी पाण्याची सुट्टी झाली, सगळे टेबलाभोवती उभे, कोचचं भाषण चालू, आणि बगळ्याने काय केलं, टेबलाच्या कडेखाली तळहात धरला. असा. रिकामा. उताणा. मी बघतोय, म्हटलं हे काय, पोरगा काय मागतोय? कोण काय देणार ह्याला? आणि पाच-सहा सेकंदांनी काचेची एक बाटली, कुणी हात लावला नाही, शपथ सांगतो, ओल्या टेबलावरून आपली आपण घसरली आणि बरोब्बर त्या हातात. त्याने ती परत टेबलावर ठेवली, जरा आत. कोणाचं लक्षही नाही. कोच फुर्र फुर्र करतोय!

आणि मग त्या झाडलोटवाल्या मावशी. हॉलच्या कोपऱ्यात वर जायचा लोखंडी जिना आहे. सराव संपला, पोरं आंघोळीला गेली, मी वही आवरतोय, आणि बघतो तर बगळा जिन्याखाली उभा. हात थोडे पुढे. वर बघत नाही, खाली बघत नाही, नुसता उभा. मी म्हटलं, "काय रे, कुणाची वाट बघतोस?" तर म्हणतो, "माहीत नाही, काका." माहीत नाही! असं कुणी उभं राहतं का? एक मिनिट गेलं, दीड मिनिट गेलं, हॉलमध्ये कोणी नाही, वरचा एक दिवा तेवढा झिंगझिंग करतोय... आणि वरून बादली घेऊन मावशी आल्या, चौथ्या पायरीवर पाय सटकला, बादली एकीकडे, मावशी एकीकडे, आणि मावशी थेट ह्याच्या हातांत! मावशी म्हणाल्या, "अगं बाई, बरा होतास रे इथे," आणि बादली उचलून गेल्या. त्या गेल्या हो! मी तिथेच बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी गोष्ट सगळीकडे झाली. मग काय विचारता! बगळा कुणाच्या शेजारी जाऊन उभा राहिला की तो माणूस आधी वर बघायचा, मग पायाखाली बघायचा, मग हळूच भिंत धरायचा. पोरं त्याच्यासोबत बाकावर बसेनात. आमच्या टीमचा कॅप्टन, सहा फूट पाच इंच, दंड म्हणजे माझ्या मांड्या, तो मला हळूच म्हणतो, "काका, तो काल माझ्या गुडघ्याकडे बघत होता. मला सुट्टी द्याल का?"

उणिवा नव्हत्या असं नाही हं! भरपूर होत्या. डावा हात म्हणजे नुसता शोभेला. अंगात मांस नाही, कुणीही ढकललं की दोन पावलं मागे. मोकळा फ्री थ्रो मिळाला, समोर कोणी नाही, घाई नाही, तरी विसात नऊ! का? तर रिंगकडे बघतच नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे खेळता खेळता मध्येच बाकांवर बसलेल्या लोकांकडे बघतो. एकेकाकडे. रांगेने. शाळेत हजेरी घेतात ना, तसा. आणि ज्याच्याकडे बघतो त्याची बोलती बंद.

कोच म्हणाला, "दादा, फुर्र, मला हा पोरगा हवाय पण मला ह्याची भीती वाटते, तुम्ही काय ते लिहा." म्हणजे विंचू ह्याला चावणार आणि मंत्र मी म्हणायचा! आणि नुसतं टीममध्ये घेण्याचा प्रश्न नव्हता. आमच्या क्लबमध्ये निवड झालेल्या खेळाडूला राहायला तळमजल्यावर दोन खोल्या मिळतात. चाचणीच्या अर्जात ह्याने एकच गोष्ट विचारलेली, 'खोल्यांना पायऱ्या आहेत का?' पायऱ्या! लोक विचारतात पंखा आहे का, पाणी येतं का. मी म्हटलं, आता डोकं फुटायच्या आधी ह्याच्या घरी जाऊन येतो.

गेलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. माझं वय त्रेसष्ट. दुसऱ्या मजल्यावर मी जिन्यावर बसून घेतलं, कुणी बघत नाहीसं बघून. मग वर जाऊन बेल वाजवली, दार त्याच्या आईने उघडलं. हसरी बाई. "या भाऊ, या, तुमचं नाव घरात रोज निघतं." मी आत पाऊल टाकलं आणि थबकलो. अहो, त्या घराला कोपराच नव्हता! टेबलाच्या चारी कोपऱ्यांना जुन्या चादरी गुंडाळून दोरीने बांधलेल्या. कपाटाला उश्या. खिडकीच्या खालच्या कडेला स्पंज. जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत गाद्या. काचेची एक वस्तू नाही, आरसा नाही, सगळे पेले स्टीलचे. आणि इतकी शांतता, की गादीवर माझं स्वतःचं पाऊलही मला ऐकू येईना. मला वाटलं, मी एखाद्याच्या झोपेत शिरलोय.

बगळा आत चहा करायला गेला. आई सांगत होती, "लहानपणी हा फार खोडकर होता हो, एक दिवस..." आणि आतून नळाचा आवाज येत होता. नळ वाहताच राहिला, आणि बगळा बाहेर आला. ओले हात. आला आणि आईच्या खुर्चीमागे उभा राहिला. बास. मी त्याच्याकडे बघतोय, तो आईच्या खांद्याकडे बघतोय, आई माझ्याशी बोलतेय. बोलता बोलता तिने मान न वळवता विचारलं, "आलास का रे?" तो म्हणाला, "हो." तेव्हा ती मला म्हणाली... फोनवर आपण कसं म्हणतो, अगदी तसं... "भाऊ, दोन मिनिटं हं."

आणि ती गेली. म्हणजे, आकडी आली. डोळे फिरले, अंग ताठ झालं, आणि ती खुर्चीतून कलायच्या आत त्याच्या हातांत होती. त्याने तिला कुशीवर निजवलं, डोक्याखाली हात दिला, घड्याळ बघत बसला. मी उठलो, बसलो, परत उठलो, "डॉक्टर... पाणी..." तो म्हणाला, "काही नाही काका, दोन मिनिटंच असतात. तेवढा नळ बंद करता का?" मी नळ बंद करायला गेलो आणि तिथेच ओट्याला धरून उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. खोटं कशाला बोलू.

नंतर आई झोपली, तेव्हा विचारलं, "किती वर्षं?" म्हणाला, "मी सहा वर्षांचा असल्यापासून. बाबा नव्हतेच. पहिल्यांदा ती पडली तेव्हा मी दुसरीकडे बघत होतो. डोकं टेबलावर आपटलं." आणि आईचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाला, "त्यानंतर दुसरीकडे बघितलं नाही." आता सराव असला की शेजारच्या बाई येऊन बसतात. आई दोन वर्षांत खाली उतरलेली नाही, हा पुढे आणि ती मागे असं असल्याशिवाय. मी म्हटलं, "पण तुला कळतं कसं रे? आधी?" तर काय म्हणावं त्याने? अगदी साधेपणाने म्हणाला, "पडायच्या आधी सगळं जरा हलकं होतं ना, काका. माणूस पण. चेंडू पण. तुम्हाला नाही दिसत?"

नाही बाबा! मला नाही दिसत! आणि कुणालाच दिसत नाही!

दारापर्यंत सोडायला आला. माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. "काका, जिना चढताना दम लागला होता?" मी म्हटलं, "छे!" तो म्हणाला, "बसला होतात ना, दुसऱ्या मजल्यावर?" आता हे ह्याला कुणी सांगितलं? मी म्हटलं, "बुटाची नाडी बांधत होतो!" त्याने माझ्या पायांकडे बघितलं फक्त. बिननाडीचे बूट होते.

घरी आलो, फॉर्म उघडला. आता हे कुठल्या रकान्यात लिहू? आईला सांभाळतो, हे बास्केटबॉलच्या फॉर्मवर? रात्रंदिवस पडणाऱ्या गोष्टींवर नजर असते, ही बाजू जमेची की उणीव?

मग तो रविवार. चाचणीचा शेवटचा सामना, सकाळची वेळ, हॉल गच्च भरलेला, समोर शेजारच्या क्लबची तगडी टीम. मी पहिल्या रांगेत, मांडीवर फॉर्म. कोचने सांगून ठेवलेलं, "दादा, फुर्र, आज जिंकलो तर घेतला, फुर्र, हरलो तर तुम्ही काहीही लिहा, नाही!" आणि खेळला हो बगळा! एकवीस रिबाउंड! त्या तगड्या पोरांना कळेचना की चेंडू जातोय कुठे, एक तर रडकुंडीला येऊन रेफ्रीला म्हणाला, "सर, हा तिथे आधीच असतो!" रेफ्री म्हणाला, "मग तो काय फाउल आहे?"

शेवटचे नऊ सेकंद. आम्ही एका गुणाने पुढे. त्यांच्या पोराने नेम धरला. चुकणार हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं, म्हणजे चेंडू उडणार, म्हणजे बगळा, म्हणजे संपलं, जिंकलो! कोचने शिट्टी थुंकली, आयुष्यात पहिल्यांदा, आणि दोन्ही हात वर केले!

आणि बगळा वळला. बास्केटकडे पाठ केली आणि रेघ ओलांडून बाहेर आला... माझ्याकडे. धावत. सगळा हॉल ओरडतोय, "अरे मागे! मागे!" कोच ओरडतोय, कॅप्टन ओरडतोय, आणि हा माझ्या खुर्चीपुढे येऊन थांबला. हात थोडे पुढे. मला एवढा राग आला, म्हटलं, "गाढवा, मला काय झालंय? धडधाकट आहे मी! जा! जा परत!" तो हलेना. नुसता माझ्या खांद्याकडे बघतोय. मी ओरडतोय आणि... आणि मला एकदम जाणवलं की माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. गादीवर चालल्यासारखं. हॉल लांब गेला. आणि तुम्हाला सांगतो, त्याने सांगितलं होतं ना, अगदी तसंच... हलकं वाटलं. छान वाटलं हो. तेच तर भयंकर होतं.

जागा झालो तेव्हा छत पांढरं. छातीत काडेपेटीएवढं यंत्र बसवलेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचे ठोके थांबत होते मध्येमध्ये, आणि त्या पोराने झेललं नसतं, खुर्चीपुढच्या सिमेंटच्या पायरीवर डोकं आपटलं असतं, तर यंत्र बसवायला कोणी उरलं नसतं. बायको उशाशी. रडून रडून डोळे सुजलेले. आणि पायथ्याशी कोच, शिट्टी गळ्यात, हातात माझा फॉर्म! त्याही अवस्थेत मी विचारलं, "मॅच?"

"हरलो. एका गुणाने. नेम चुकला, पण उडालेला चेंडू त्यांनीच उचलला, आणि तुम्ही पडलात तेव्हाच आत टाकला." मग शिट्टीशिवाय, माणसासारखं म्हणाला, "दादा, माझा शब्द होता. पण तुम्ही लिहाल ते मी वाचीन."

मी पेन मागितलं. आणि बारा वर्षांचा निरीक्षक आहे मी, कुणाच्या बापाची भीड ठेवली नाही. उजवीकडे लिहिलं, 'निर्णायक क्षणी जागा सोडतो.' बायकोने वाचलं मात्र, आणि भडकली! "लाज नाही वाटत? ज्याच्यामुळे बसून लिहिताय, त्याचीच चुगली?" मी म्हटलं, "अगं, खरं आहे ते! सोडली ना जागा? खोटं लिहू?" "खोटं नका लिहू, पण हे लिहिणारा हात आज कुणामुळे हलतोय ते तरी लिहा!" कोच मध्ये पडायला गेला, त्यालाही दोन ऐकवले. मग मी फॉर्म परत घेतला, आणि डावीकडे, जमेच्या बाजूंमध्ये, तेच वाक्य लिहिलं. शब्द न् शब्द तोच. 'निर्णायक क्षणी जागा सोडतो.' आणि सही केली.

कोचने वाचलं. इकडचं वाचलं, तिकडचं वाचलं. खिडकीपाशी जाऊन परत वाचलं. "चौदाला चौदा होते ना, पहिल्या दिवशी?" म्हणाला. मी म्हटलं, "चौदाला चौदा." "मग तळमजल्याच्या किल्ल्या शोधायला सांगतो," म्हणाला, आणि बाहेर जाऊन कॉरिडॉरमध्ये एवढ्या जोरात फुर्र केलं की नर्स धावत आली.

आता आई असते हॉलमध्ये, प्रत्येक मॅचला. पहिल्या रांगेत ती आणि मी, शेजारी शेजारी, हातवाल्या खुर्च्यांवर, पुढे जाड गाद्या घातलेल्या. म्हणजे पोराला सगळ्या हॉलवर नजर फिरवायला नको, पडणारे सगळे एका जागी! ती मला म्हणते, "भाऊ, आज तुमचा नंबर की माझा?" आणि बगळा अठरा-वीस रिबाउंड काढतो, फ्री थ्रो अजून विसात नऊच.

सगळं छान चाललंय. फक्त गेल्या रविवारी... खेळ रंगात आलेला, आणि बगळा थांबला. मान तिरकी. आमच्या दोघांकडे बघितलं नाही. कोचकडे बघितलं. खांद्याकडे. कोच कुणावर तरी खेकसत होता, अर्ध्या शिवीत गप्प झाला, आणि हळूहळू, भिंतीला धरून, खाली गादीवर बसला. मॅच संपेपर्यंत उठला नाही. झालं काहीच नाही! मग मी बगळ्याला गाठलं, "काय रे, काय दिसलं?" तर म्हणतो, "काही नाही काका, त्यांच्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळात वेळ बघत होतो."

मी जाऊन कोचला सांगितलं, हसलो, तो पण हसला, जीव भांड्यात पडला बिचाऱ्याचा.

त्या भिंतीवर घड्याळ नाहीये हो.

आता काय करणार? मंगळवारी माझी तपासणी असते. कोचला म्हटलं, एकट्याला जायचा कंटाळा येतो, सोबत चल, आणि आलाच आहेस तर तुझ्याही ठोक्यांचा एक कागद काढून घेऊ... तो "फुर्र" म्हणाला. मी ते 'हो' धरलंय.